तासभराचा व्यायाम आणि उरलेले पंधरा तास

टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसमध्ये ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं एकाच वेळी डेपोतून निघतात. धूळ तीच, ट्रॅफिक तोच, बऱ्याचदा चहाची टपरीही एकच. एक जण पाळी संपेपर्यंत सीटवर बसून असतो आणि दुसरा ‘पुढे चला, पुढे चला’ करत गर्दीतून मागेपुढे करत राहतो. या दोघांपैकी कोणाच्या पँटची कंबर मोठी असेल?

प्रश्न थट्टेचा वाटतो, पण लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी खरोखर हेच तपासलं. १९५३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. मग १९५६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बस कंपनीकडून गणवेशाची मापं मागवली आणि पँटच्या कंबरा मोजल्या. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या निघाल्या. ‘बसलात की पोट सुटलं’ हे आजीचं म्हणणं शास्त्राने मान्य केलं, असं म्हणून इथेच थांबता आलं असतं. पण पुढे असंही दिसून आलं की नव्याने भरती होणारे ड्रायव्हर मुळातच कंडक्टरांपेक्षा जरा जाड असायचे. म्हणजे बसून बसून माणूस जाड झाला, की जाड माणसाने बसायची नोकरी निवडली?

या विषयावरचं कुठलंही संशोधन वाचताना हा प्रश्न डोक्यात ठेवावा लागतो. कमी हालचाल आणि जास्त चरबी एकत्र आढळतात हे पक्कं आहे. कशामुळे काय होतं, ते तेवढं सरळ नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. दिवसभरात शरीर जी ऊर्जा खर्च करतं, त्यातली साधारण ६० ते ७० टक्के नुसतं जिवंत राहण्यात जाते. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं, शरीराचं तापमान, सगळं त्यात आलं. सुमारे १० टक्के अन्न पचवण्यात जाते. उरलेली हालचालीची. या हालचालीतही दोन भाग आहेत. एक ठरवून केलेला व्यायाम, म्हणजे कचराळी तलावाच्या फेऱ्या, जिम, सूर्यनमस्कार. दुसरा भाग म्हणजे ज्याला कोणी व्यायाम म्हणत नाही ते सगळं: बाजारात जाणं, जिने, फोनवर बोलताना येरझाऱ्या, भांडी लावणं, गाडीची वाट बघत उभं राहणं, पाय हलवत बसणंसुद्धा. बहुतेकांच्या आयुष्यात हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा असतो, आणि माणसामाणसांत खरा फरक पडतो तोही इथेच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. व्यायाम मुद्दाम वाढवायचा नाही, अशी अट होती. एकाच्या अंगावर जेमतेम ०.३६ किलो चरबी चढली, तर दुसऱ्याच्या ४.२३ किलो. खाणं जादा तेवढंच, मग फरक कुठून आला? काही जणांची बिनव्यायामाची हालचाल आपसूक वाढली होती, आणि ज्याची सर्वांत जास्त वाढली त्याची दिवसाला जवळपास ७०० कॅलरींनी. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. ‘मेलं कितीही खाल्लं तरी याच्या अंगाला लागत नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, ते कदाचित हेच लोक.

२००५ मध्ये याच चमूने दहा सडपातळ आणि दहा थोड्या लठ्ठ माणसांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावली. लठ्ठ मंडळी रोज दोन तासांहून अधिक जास्त बसत होती. मग लठ्ठांचं वजन कमी करून आणि सडपातळांचं वाढवून पाहिलं, तरी बसण्या-उठण्याची सवय फारशी बदलली नाही. म्हणजे चुळबुळ करत राहण्याची किंवा बूड टेकून बसण्याची वृत्ती काही अंशी अंगभूत असावी. मला हे वाचून दिलासाच वाटला. पोट सुटलेल्या प्रत्येकाला ‘आळशी’ म्हणण्याची आपली जी सवय आहे, तिला यातून थोडी तरी चपराक बसते.

आता हाच हिशेब ठाण्यात मांडून बघू. ऐरोलीच्या एकाच आयटी पार्कमध्ये काम करणारे दोघं घ्या, दोघांचं वजन ६५ किलो. पहिला नौपाड्यात राहतो. चालत स्टेशनवर जातो. ऐरोलीला जाणारी ट्रान्सहार्बरची लोकल सुटते ती नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून, त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्याला पूल चढून सगळे फलाट ओलांडून पलीकडे जावं लागतं. गाडीत बहुतेक वेळा उभाच. ऐरोलीला उतरून पुन्हा चालत ऑफिस. दुसरा घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो. लिफ्टने थेट पोडियमच्या पार्किंगमध्ये, तिथून गाडीत, गाडीतून तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि पुन्हा लिफ्टने खुर्चीपर्यंत. दुपारी जेवण ॲपवरून येतं. रात्री भाजी दहा मिनिटांत दारात. याच्या घड्याळात दिवसाअखेर दोन-अडीच हजार पावलं दिसली तर नवल नाही.

पहिला येऊन-जाऊन धरून रोज तासभर जास्त चालला, असं समजू. बसून राहण्याच्या तुलनेत त्या तासात त्याच्या साधारण १४० कॅलरी जास्त जातात. म्हणजे अर्धा वडापाव. वर्षात २५० कामाचे दिवस धरले तर ३५,००० कॅलरी. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे कागदावर वर्षाला साडेचार किलोचा फरक. दहा वर्षांत ४५ किलो!

असं कधीच होत नाही, हे आपण रोज डोळ्यांनी बघतो. तलावाभोवती वर्षानुवर्षं नेमाने फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी काकांचं पोट जसंच्या तसं आहे. घड्याळावर मोजून फेऱ्या घ्यायच्या आणि मग मंडळी मिळून मिसळ खायला जायचं, हा भाग त्यात आहेच. तर्री, फरसाण आणि दोन जादा पाव यांच्यापुढे पाऊण तासाच्या चालण्याचं काही चालत नाही. पण दोष सगळा मिसळीचा नाही.

शरीर ठरलेल्या पगारात चालणाऱ्या घरासारखं वागतं. एका महिन्यात लग्नकार्यावर जास्त खर्च झाला तर बाकीचे खर्च जरा आवरले जातात, कोणी मुद्दाम बसून ठरवलं नाही तरी. हर्मन पॉन्टझर यांच्या चमूने टांझानियातल्या हाड्झा लोकांची रोजची ऊर्जा मोजली. ही माणसं आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात आणि शहरी माणसापेक्षा कितीतरी जास्त चालतात. २०१२ साली आलेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता: शरीराच्या आकारमानाचा हिशेब जमेस धरला तर हाड्झांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च पाश्चात्त्य शहरी माणसाइतकाच निघाला. म्हणजे हालचाल वाढली की शरीर काही प्रमाणात दुसरीकडे काटकसर करतं. शिवाय भूक वाढते, सकाळी दमलेला माणूस संध्याकाळी सोफ्यावर जास्त पडून राहतो, आणि वजन उतरलंच तर हलकं शरीर हलवायला ऊर्जाही कमी लागते. शरीर नेमकं कुठे आणि किती काटकसर करतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण नुसत्या चालण्याने काट्यावरचं वजन भराभर उतरत नाही, यावर कोणाचं दुमत नाही.

मग चालायचं कशाला? याचं एक उत्तर भारतातच मिळालेलं आहे. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या २१३ कामगारांचा अभ्यास केला. अंगमेहनतीची कामं करणारे कामाच्या प्रमाणात जेवत होते आणि त्यांची वजनं आटोक्यात होती. गडबड दिसली ती बैठं काम करणाऱ्यांत. त्यांची मेहनत कमी होती, पण खाणं मात्र कमी झालं नव्हतं, उलट जास्तच होतं, आणि वजनही. त्यावरून मेयर यांनी मांडलं की हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचं गणित बिघडतं, पोट भरल्याची खूण नीट पटत नाही. या एका अभ्यासावर सगळा भार टाकता येणार नाही, पण वर्क फ्रॉम होमच्या काळात फ्रिजचं दार सारखं उघडणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे: चरबी किती आहे, याहूनही ती कुठे आहे याला महत्त्व आहे. त्वचेखालची, चिमटीत धरता येणारी चरबी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. यकृताभोवती, आतड्यांभोवती, पोटाच्या आत साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. आपण भारतीय तिथे आधीच मागे आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजनाच्या तक्त्यात दोघंही ‘नॉर्मल’. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात त्यांनी मिश्कीलपणे असंही सांगून टाकलं की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचं धावणं म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. अशा फरकात हालचालीचा वाटा किती आणि गर्भात असल्यापासूनच्या पोषणाचा किती, हे एका फोटोवरून ठरत नाही. पण हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, हा नमुना आपल्याकडे घरोघरी दिसतो.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणलेल्या आहेत: बीएमआय २३ पासून पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत. ही कंबर म्हणजे पँटची कंबर नव्हे. ढेरीखाली पट्टा बांधणाऱ्याची पँट वर्षानुवर्षं ३४ च राहते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही आणि मग मापायचं. टेप नसेल तर सुतळीने उंची मोजा, ती दुमडून अर्धी करा आणि पोटाभोवती धरून बघा. टोकं जुळली नाहीत तर लक्ष द्यायची वेळ आली आहे. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजनावरून लठ्ठ किंवा जास्त वजनाच्या ठरलेल्या बायका २४ टक्के होत्या, पण कंबर आणि नितंबांच्या प्रमाणावरून धोक्याच्या रेषेपलीकडे होत्या तब्बल ५७ टक्के. पुरुषांचे हेच आकडे २३ आणि ४८. वजनकाटा किती जणांना गाफील ठेवतो ते यात दिसतं.

आणि या आतल्या चरबीवर हालचालीचा परिणाम लवकर होतो, दोन्ही बाजूंनी. २००८ साली डेन्मार्कमध्ये दहा निरोगी तरुणांना दोन आठवडे मुद्दाम कमी चालायला सांगितलं. रोज दहा हजारांच्या आसपास असलेली पावलं दीड हजारांच्या खाली आणली: जिन्याऐवजी लिफ्ट, पायी जाण्याऐवजी गाडी. दोन आठवड्यांत त्यांची एकूण चरबी वाढली नाही. पण पोटाच्या आतली चरबी ७ टक्क्यांनी वाढली. घोडबंदरच्या टॉवरमधला आपला दुसरा माणूस या प्रयोगात वर्षानुवर्षं आहे. उलट बाजूने, नियमित व्यायामाने वजन फारसं न उतरताही आतली चरबी घटते, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. नौपाड्याच्या माणसाला ते १४० कॅलरींचं चालणं काट्यावर कदाचित दिसणार नाही, टेपवर दिसेल.

‘पोटाची चरबी घालवायला पोटाचेच व्यायाम’ हा मात्र भ्रम. उपवन तलावापाशी भर उन्हाळ्यात पोटाला घट्ट पट्टा बांधून घाम गाळणारे भेटतात, त्यांना सांगायला हवं: चरबी घामातून जात नाही. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. पट्टा सोडल्यावर हलकं वाटतं ते पाणी गेल्यामुळे, आणि उसाच्या रसाच्या एका ग्लासात ते परत येतं.

आता ज्यांना आठवडाभर फुरसत नाही त्यांचं. शनिवार-रविवारी येऊरला, पारसिकला किंवा खारघरच्या टेकडीवर पहाटे जी गर्दी होते, त्यातली बरीच मंडळी सोमवार ते शुक्रवार खुर्चीत असतात. त्यांच्यासाठी बरी बातमी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ९,६०० हून अधिक प्रौढांची चरबी डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्राने मोजलेली होती. आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांची पोटावरची आणि एकूण चरबी बैठ्या लोकांपेक्षा कमी होती, जवळपास रोज थोडा थोडा करणाऱ्यांइतकीच. अट एकच: आठवड्याची बेरीज भरायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ती आहे १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम. येऊरच्या गेटपर्यंत गाडीने जाऊन, थोडं चालून, फोटो काढून परत येणं यात बसत नाही. आणि हा अभ्यास एका वेळचं चित्र आहे, त्यामुळे सुरुवातीचा ड्रायव्हर-कंडक्टरचा प्रश्न इथेही लागू पडतो. शिवाय महिनोन्महिने बसून राहून एकदम हरिश्चंद्रगड गाठणाऱ्यांचे गुडघे आणि घोटे काय म्हणतात, ते चरबी मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही.

रोजच्या हालचालीची बाजू मी तरी उचलून धरेन, कारण रक्तातली साखर आठवड्याची बेरीज बघत नाही, ती जेवणागणिक चढते. तासन्‌तास बसणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चाललं तर खाल्ल्यानंतरची साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी चढतात, हे ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू साखर ओढून घेतात, साठवणीसाठी उरते ती कमी. रात्री जेवल्यावर सोसायटीच्या आवारात शतपावली घालणाऱ्या जुन्या पिढीचं हे बरोबरच होतं. नुसतं उभं राहण्याचं कौतुक मात्र जरा जास्त झालंय. बसण्यापेक्षा उभं राहण्यात तासाला जेमतेम ९-१० कॅलरी जास्त जातात. महागडं उभं राहायचं टेबल घेण्याआधी हा आकडा लक्षात असू द्यावा.

आणि घरातल्या बायकांचं काय? ‘दिवसभर पायाला भिंगरी असते, मला वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. पायाला भिंगरी असते हे खरंच, आणि त्या दमणुकीला कोणी कामात धरत नाही हेही खरं. पण ओट्याशी उभं राहून केलेलं काम दमवतं, दम लावत नाही. पूर्वी जमिनीवर बसून निवडणं, लाटणं, कपडे धुणं यात दिवसाकाठी कितीतरी उठबस व्हायची. म्हणजे स्वतःच्या शरीराचं वजन मांड्यांवर उचललं जायचं. ओटा, मिक्सर, वॉशिंग मशीन यांनी कष्ट वाचवले ते चांगलंच झालं, पण ती उठबसही गेली. २०२४ मध्ये आलेल्या एका जागतिक पाहणीनुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के. संध्याकाळी सात वाजता पुरुष तलावावर असतो तेव्हा बाई कुकर लावत असते, हे त्यामागचं निदान एक कारण तरी आहे, आणि त्यावर उपाय व्यायामाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे.

स्नायूंचा मुद्दा पुरुषांनाही तेवढाच लागू. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात. काट्यावर वजन तेच दिसलं तरी आत स्नायूंची जागा चरबी घेत असते. ती घट रोखायला चालणं पुरत नाही, वजन उचलावं लागतं. तुर्भ्याच्या एपीएमसीत पोती वाहणाऱ्या माथाड्यासारखं नव्हे. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या इतकंही सुरुवातीला पुरतं.

यातलं सगळंच आपल्या हातात नाही. वाशी-नेरुळच्या सेक्टरांत निदान आतले रस्ते आणि बागा आहेत. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं, सर्व्हिस रोडवर उभ्या गाड्या आणि मध्येच संपणारा फुटपाथ बघितला की दूध आणायला गाडी काढणाऱ्याला बोल लावावासा वाटत नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने. तलावाच्या कडा निसरड्या होतात, फेऱ्या बंद पडतात, आणि डेन्मार्कच्या त्या तरुणांना दोन आठवडेही पुरले होते. अशा दिवसांत पोडियमखालचं पार्किंग, रिकामा पॅसेज आणि इमारतीचा जिना एवढंच हाताशी उरतं. जिना चढताना ऊर्जाखर्च सपाट चालण्याच्या दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे बाविसाव्या मजल्यावरच्या माणसाने विसाव्यावर लिफ्ट सोडून वरचे दोन मजले चढले तरी ती सुरुवात झाली. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना लिफ्टच घ्यावी, कारण गुडघ्यावर खरा ताण येतो तो उतरताना. आणि चढताना छातीत दाटलं किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच पायरीवर बसून कोणाला तरी हाक मारावी; हे थकण्याचं लक्षण समजून पुढे चढू नये.